विदूषकाचा बॉम्ब आणि चार नंबरचं मशीन

डायलिसिसच्या पेशंटला सगळ्यात जास्त त्रास सुयांचा होतो असं बाहेरच्यांना वाटतं. सुयांची सवय होते. सवय होत नाही ती शेवटच्या पाऊण तासाची. चार तासांतले सव्वातीन झाले की पायात गोळे यायला लागतात, बीपी खाली सरकतो, खाली रिक्षावाला खोळंबलेला असतो. मग एकेक हात वर होतो. "भाऊ, काढ आता."

आम्ही टेक्निशियन समजावतो, ते ऐकत नाहीत, शेवटी रजिस्टरमध्ये 'स्वतःच्या जबाबदारीवर' अशी सही घेतो. आमच्या रजिस्टरमधल्या निम्म्या सह्या चार नंबरच्या मशीनवरच्या काकांच्या आहेत. नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यात हयात घालवलेला माणूस. मशीनवरचे आकडे माझ्याआधी वाचतात आणि प्रेशर जरा वर गेलं तर मलाच हाक मारतात. पण रविवारची मिसळ सोडत नाहीत. ड्राय वेट, म्हणजे अंगात साठलेलं जास्तीचं पाणी काढल्यावरचं वजन, ५८ किलो, सोमवारी येणार साडेएकसष्टवर. साडेतीन किलो पाणी सव्वातीन तासांत ओढायचं म्हणजे गोळे येणारच, आणि गोळे आले की 'काढ'. हे चक्र मी चार वर्षं बघतोय.

जुलैतला सोमवार होता. सकाळपासून पाऊस कोसळत होता आणि डिशचं सिग्नल गेलं होतं. एरवी आमच्याकडे रिमोटवरून जी भांडणं होतात ती बघितली तर कुणाचीच किडनी खराब आहे असं वाटणार नाही. त्या दिवशी सगळे छताकडे बघत पडले होते. काकांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला. "भाच्यानं भरून दिलाय. लाव."

जेम्स बाँडचा 'ऑक्टोपसी' होता. १९८३ चा, रॉजर मूरचा, अर्धाअधिक उदयपूरमध्ये घडणारा. काकांनी तो तेव्हाच थेटरात पाहिला होता, सेकंड शिफ्ट बुडवून. सगळं इंग्रजीत. मला वाटलं, दहा मिनिटांत कुणीतरी बंद करायला लावेल.

कुणी लावलं नाही. रिक्षांचा पाठलाग सुरू झाला तेव्हा दोन नंबरच्या सिन्नरच्या आजी उशी सरकवून बसल्या. तो टेनिसवाला विजय अमृतराज रॅकेटनं गुंडांना बडवतो, बाँड कुणाला खिळ्यांच्या पलंगावर ढकलतो, एवढ्या गदारोळात त्याचा भांग मोडत नाही. समोर वाघ आला तर त्याला 'बस' म्हणतो, आणि वाघ बसतो. मगरीच्या आकाराच्या होडीतून येतो, गोरिलाच्या कातड्यात लपतो. आजींनी विचारलं, "कोन ये रे हा?" काका म्हणाले, "सरकारी नोकर." अख्खा वॉर्ड हसला.

त्या पिक्चरच्या वेळी रॉजर मूर पंचावन्न वर्षांचा होता. उड्या दुसराच कुणीतरी मारतोय हे लहान पोरालाही कळतं आणि ते लपवायची फार धडपडही दिसत नाही. कोथळा काढायला आलेल्या माणसाशीही तो लग्नाच्या पंगतीत भेटल्यासारखा बोलतो. आणि कबीर बेदी पगडी घालून हातात फासे चुरगाळतो तेव्हा आमच्या सहा नंबरच्या मुलानं, हाताला सुया असताना, शिट्टी मारली.

साडेतीन तास उलटले होते आणि एकही हात वर झाला नव्हता, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

बाँड विदूषकाचा मेकअप करून सर्कशीत घुसला. तिथे अणुबॉम्ब, घड्याळ उलटं चाललेलं. आणि लाईट गेली.

एरवी पंधरा सेकंदांत जनरेटर येतो. त्या दिवशी आला नाही. एका पेशंटला चार तासांत सुमारे १२० लिटर शुद्ध पाणी लागतं. लाईट गेली की पाणी शुद्ध करणारा आरओ बंद आणि ते पाणीही बंद. पण खरी चिंता रक्ताची. नळ्यांमध्ये आणि फिल्टरमध्ये मिळून दीड-दोनशे मिली रक्त बाहेर असतं. पंप थांबला की ते गोठायला लागतं, आणि ज्याचं हिमोग्लोबिन आठ आहे त्याला तेवढं रक्त गमावणं परवडत नाही. म्हणून मशीनला बॅटरी असते, ती निदान पंप फिरता ठेवते. पाच मशीन बॅटरीवर गेली. चार नंबर मेलं. त्याची बॅटरी बदला म्हणून मी तीनदा लेखी दिलं होतं. तिन्ही कागद आमच्या साहेबांच्या फाइलीत अगदी नीट लावलेले आहेत.

पंपाचं हँडल कुलूपबंद कपाटात. कुणी चोरेल म्हणून! सिस्टरनं किल्ली फेकली. व्हीनस लाइन, म्हणजे रक्त अंगात परत नेणारी नळी, मशीनच्या चिमट्यातून, क्लॅम्पमधून सोडवली, कारण लाईट नसली की क्लॅम्प मिटतो आणि तसंच फिरवलं तर प्रेशरनं नळी सुटते. मग पंपाचं झाकण उघडून बाणाच्या दिशेनं हातानं फिरवायला लागलो. घाई नाही, थांबणंही नाही. हवा पकडणारा सेन्सर बंद, म्हणजे सेन्सर म्हणून आपले डोळे. सिस्टरनं मोबाइलचा टॉर्च चेंबरवर धरला, मी त्यातल्या रक्ताची पातळी बघत फिरवत राहिलो.

दोन मिनिटांनी मी म्हणालो, "काका, रक्त परत देतो, मोकळे व्हा. आज सही नको." पंचवीसच मिनिटं उरली होती. नियमातही बसत होतं.

"थांब रे. विदूषकाचा बॉम्ब राहिलाय."

आणि अंधारात ते सांगायला लागले. तोंडाला रंग फासलेला, त्यामुळे कुणी विश्वास ठेवत नाही. लोकांना वाटतं सर्कशीतलीच गंमत चाललीय. मग ती ऑक्टोपसी गोळी घालून कुलूप उडवते, हा आत हात घालतो... "किती राहिले?" आजी ओरडल्या. काकांनी मोजायला सुरुवात केली आणि मी नकळत त्यांच्या तालावर हँडल फिरवायला लागलो. पुढे फुगा, मग विमान. विमानाच्या पाठीवर बाँड, त्याला धरायला कबीर बेदी बाहेर येतो आणि बाँड अँटेना वाकवून सोडतो, सटकन थोबाडावर.

अकरा मिनिटांनी जनरेटर आला. रक्त गोठलं नव्हतं. काकांनी चार तास पूर्ण केले. पिक्चर १३१ मिनिटांचा आहे. पुढच्या वेळी मी हिशोब करून डायलिसिस सुरू झाल्यावर एक तास पन्नास मिनिटांनी लावला. कधी चालतं, कधी सव्वातीनला हात वर होतोच.

एकदा बदल म्हणून २००६ चा नवा बाँड लावला. त्यात त्याच्यावर विषप्रयोग होतो आणि गाडीत शॉक द्यायची वेळ येते. वॉर्डात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. आजी म्हणाल्या, "हे आपल्याला रोजचंच ये. त्या म्हाताऱ्याला लाव." २०२१ च्या पिक्चरमध्ये तो मरतो असं कळलं, तो पेनड्राइव्हवरून पुसूनच टाकला.

माझी समजूत अशी होती की काका त्या दिवशी पिक्चरमुळे थांबले. गेल्या आठवड्यात विचारलंच. म्हणाले, "मला तर शेवट पाठ होता. तू घामाघूम होऊन हँडल मारत होतास. मधेच काढ म्हणणं बरं दिसलं असतं का?" मग थोड्या वेळानं, "पण पिक्चर नसता तर म्हणालो असतो."

चार नंबरची बॅटरी अजून आलेली नाही. हँडल मी आता मशीनलाच दोरीनं बांधून ठेवतो. काकांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "पेनड्राइव्हपण तिथेच टांग."