कऱ्हेकाठचा मुक्काम

दिवेघाट चढताना काही वाटत नाही, तिथं अंगात येतं. जीव जातो तो घाट संपल्यावर, सासवडपर्यंतच्या सपाट रस्त्याला. एकादशीचं पोट, तापलेलं डांबर, डाव्या टाचेला फोड. मागच्या ट्रकवरचा कर्णा कानाशी ‘माउली माउली’ करत होता आणि माझ्या तोंडात भलतंच काही येत होतं.

सासवडला दोन रात्री. बारशीला दिंडीतले सगळे सोपानकाकांच्या पालखीच्या प्रस्थानाला गेले. मी लंगडत संगमेश्वराच्या घाटावर जाऊन टेकलो. इथं चांबळी कऱ्हेला मिळते. मिळते म्हणायचं, दोन्हींत मिळून घोटाभर पाणी, त्यावर पत्रावळ्या आणि चहाचे पेले. आपणच टाकलेले, वर नदीला आई म्हणणारेही आपणच.

शेजारी एक आजी पदर पिळत होत्या. “बघू पाय.” मी आखडलो तशा डाफरल्या, “माउलीच्या वाटंला लाज कसली?” पिशवीतून सुईदोरा निघाला. दोरा खोबरेलात भिजवला, सुई फोडाच्या एका कडेनं घालून दुसऱ्या कडेनं काढली आणि दोरा आतच ठेवून टोकं कापली. “वढू नको. पानी आपसूक झिरपंल. कातडं सोलशील तर बघ.”

आजी गराड्याच्या. कऱ्हा त्यांच्याच बाजूच्या डोंगरातून निघते. “आता अशी दिसती, पर २०१९ ला सप्टेंबरात एका रातीत काय केलं हिनं!” खरंच, तेव्हा पार बारामतीपर्यंत लोकांना घरं सोडावी लागली होती. एरवी पुरंदरचा हा पट्टा पावसाच्या नावानं खडे फोडणारा. “ही बी पंढरपूरला जाती,” फोडाला हळद लावता लावता त्या म्हणाल्या, “तुज्यापरीस लांबनं.”

पुढं जेजुरीत भंडारा खाल्ला, वाल्ह्यात झोपलो. नीरेवर माउलींच्या पादुकांच्या स्नानाला ही रेटारेटी. दर्शन झालं ते दुसऱ्यांच्या टोप्यांचं. तिथं उभ्या उभ्या आजींचं बोलणं उलगडलं. कऱ्हेनं सोमवतीला खंडोबाला आंघोळ घालायची, मोरगावच्या मोरयापाशी जायचं, बारामतीत तुकोबांची पालखी बघायची, सोनगावला नीरेत शिरायचं, नरसिंगपूरला नीरेबरोबर भीमेत. म्हणजे दोन्ही पालख्या हिच्या वाट्याला येतात. आम्ही एकीच्याच मागं, तेही कुरकुरत.

चंद्रभागेत उतरलो तेव्हा कमरेएवढ्या गढूळ पाण्यात यातलं गराड्याचं कुठलं, असा विचार करत राहिलो. बहुतेक सगळं नाझऱ्याच्या धरणातच अडकलं असणार. तेवढ्यात मागून कुणीतरी खेकसलं, “ओ माउली, बुडी मारा नि सरका की!”