आईच्या काखेतली खपली

दिवाळीच्या तोंडावर पेठकडचं एक बाळ नाशिकला आमच्या नवजात अतिदक्षता विभागात आलं. पाच दिवसांचं. ताप, पोट फुगलेलं, अंगावर ओढेना. लिव्हर आणि प्लीहा दोन्ही वाढून हाताला लागत होते, प्लेटलेट्स ३०,००० पर्यंत घसरलेल्या. असं बाळ आलं की आधी सेप्सिसच, म्हणजे रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, धरायचा असतो. आम्हीही तोच धरला. पण ताप हटेना, ब्लड कल्चरमध्ये काही उगवेना. राउंडला एकच चर्चा, आता याहून भारी अँटिबायोटिक कुठलं.

आईची फाइल प्रसूती विभागात, बाळाची आमच्याकडे. मधे दोन मजले. आईला बाळंतपणाआधी आठवडाभर ताप होता, हे मला फाइलीतून नाही, जिन्यात सासूकडून कळलं. "गवत कापाय गेली व्हती डॉक्टरबाई, तवाधरनं अंगात कणकण."

गवत म्हटल्यावर मी वर जाऊन आईला तपासलं. डोक्यापासून, कपडे बाजूला करून, सावकाश. डाव्या काखेत केसांच्या कडेला अर्ध्या सेंटिमीटरची काळी खपली, भोवती लाल कडं. विडीचा चटका बसावा तशी. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून बाई बोलली नाही. आणि तिच्या रक्ताच्या एवढ्या तपासण्या करणाऱ्यांपैकी एकानंही हात वर करायला सांगितला नव्हता. याचा मला अजून राग येतो.

स्क्रब टायफस. गवतातल्या माइट नावाच्या बारीक किड्याची अळी चावून येणारा ताप; चावल्या जागी अशी खपली धरते. याचा जंतू पेशींच्या आत राहतो. बाळाला चालू असलेल्या औषधांचा त्याच्यावर उपयोगच नव्हता. रिपोर्टसाठी न थांबता दोघांनाही ॲझिथ्रोमायसिन सुरू केलं. ४८ तासांत बाळाचा ताप उतरला, मग प्लेटलेट्स चढल्या. दोघांचंही आयजीएम, म्हणजे नव्या संसर्गात शरीर बनवतं ती अँटिबॉडी, पॉझिटिव्ह आलं. आयजीएम वारेतून पलीकडे जात नाही, म्हणजे बाळाच्या रक्तातलं बाळानंच तयार केलेलं. गवताचं पातंही न पाहिलेल्या बाळानं.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. हा आजार पसरवते माइटची अळी, आणि ती आयुष्यात एकदाच चावते. मग तिच्यात जंतू येतो कुठून? तिच्या आईकडून, अंड्यातूनच.

बाळाच्या डिस्चार्ज कार्डावर निदान मी ठळक लिहिलं. आईच्या कार्डावर अजून 'विषाणूजन्य ताप' आहे. ते बदलावं म्हणून चिठ्ठी पाठवली, तर उत्तर आलं, पेशंट घरी गेली, फाइल बंद झाली.