रहाटाचं पाणी आणि डोक्याची सोनोग्राफी

एमआरआयची फिल्म पिशवीत घालून आलेला माणूस खुर्चीत टेकायच्या आधी विचारतो, ‘‘डॉक्टर, मेंदूच्या बारीक नसा खराब झाल्यात म्हणे. तुमच्या सोनोग्राफीत दिसतील ना?’’ गुहागरकडचे विचारतात, दाभोळहून फेरीबोटीनं येणारेही विचारतात. तुम्हालाही सांगून ठेवतो : नाही दिसत.

या आजारात, म्हणजे ‘स्मॉल व्हेसल डिसीज’मध्ये, ज्या रक्तवाहिन्या कडक आणि अरुंद होतात, त्या मिलिमीटरभरही रुंद नसतात. आमचं टीसीडी, म्हणजे ट्रान्सक्रेनियल डॉपलर, ऐकतं ते त्यांना रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमनीचं. कानशिलाच्या पातळ हाडातून २ मेगाहर्ट्‌झच्या ध्वनिलहरी आत सोडायच्या. साधारण ५ सेंटिमीटरवर धमनी सापडते आणि वाहत्या रक्तपेशींवरून परतलेल्या लहरींवरून वेग कळतो. १९८२ साली नॉर्वेच्या रूण आसलिड यांनी ही वाट दाखवली.

मग मोठ्या धमनीवरून बारीक वाहिन्यांचं कसं कळतं? जुन्या पोफळीच्या बागेतला रहाट आठवा. लोटा रिकामा होतो, पाटात पाण्याचा लोंढा येतो. पुढचा लोटा येईतो पाणी मंदावतं, पण थांबत नाही, कारण पुढे झाडांची आळी पाणी पीत असतात. आळ्यांची तोंडं बुजली की दोन लोट्यांच्या मधलं वाहणंच रोडावतं. हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं रक्त तसंच. समजा, ठोक्याला वेग सेकंदाला ९० सेंटिमीटर आणि मध्ये ४०, सरासरी ५७ (मंद वेळ जास्त असतो, म्हणून ६५ नाही). फरकाला सरासरीनं भागलं की ०.८८ येतो, हा पल्सॅटिलिटी इंडेक्स. ठीक आहे. तेच ८० आणि २४, सरासरी ४२.७ असेल तर १.३१, मी भुवया उंचावतो.

उंचावतो एवढंच. सुरुवातीला मी असा आकडा बघून एका काकांना उगाच घाबरवलं होतं. वयानं मोठ्या धमन्या ताठरल्या, नाडी मंद असली, तरी हा आकडा चढतो. पांढरे डाग, छोटे जुने झटके, सूक्ष्म रक्तस्राव हे एमआरआयच दाखवतो. मला स्वतःला श्वास रोखायची चाचणी जास्त बोलकी वाटते. अर्धा मिनिट श्वास धरला की रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो, निरोगी बारीक वाहिन्या रुंदावतात आणि मोठ्या धमनीतला वेग वाढतो. वाढलाच नाही, तर त्या वाहिन्यांत फाकायची ताकद उरलेली नाही. (मात्र विहिरीत बुड्या मारून मोठे झालेले काका ‘झालं एवढ्यात?’ म्हणतात, आणि दम्याच्या पेशंटला मी हे सांगतच नाही.)

काहींच्या बाबतीत तर आवाजच येत नाही. म्हाताऱ्या बायकांमध्ये कानशिलाचं हाड बऱ्याचदा लहरी आत जाऊ देत नाही; लहरी शिरतील अशा जागेला आम्ही ‘खिडकी’ म्हणतो, ती सापडत नाही. एका आजींच्या दोन्ही बाजूंना मी वीस मिनिटं प्रोब फिरवला, जेल संपत आली. शेवटी सांगितलं, ‘‘आजी, आत काही शिरतच नाहीये.’’

‘‘सासूबाई हेच म्हणायच्या,’’ आजी म्हणाल्या.

बारीक नसा बिघडवतं ते बीपी, आणि त्यांचं १७० वर १०० होतं. गोळ्या? ‘‘बरं वाटलं म्हणून सोडल्या.’’ मीठ? रोजच्या पेजेबरोबर काय? ‘‘खारवलेली कैरी, नाहीतर भाजलेली सुकी मासळी.’’ टीसीडीच्या कागदावर मी ‘खिडकी मिळाली नाही’ एवढंच लिहिलं आणि बीपीच्या गोळीची चिठ्ठी मोठ्या अक्षरात सुनेच्या हातात दिली.