आमची वाटचाल : टेबलावर आडवा, घरी उभा

कॉम्प्युटर दुरुस्तीचा धंदा सुरू केला तेव्हा आम्ही दोघंच, मी आणि माझा मावसभाऊ. एक टेबल, दोन स्क्रूड्रायव्हर, एक ब्लोअर आणि जुन्या मशिनींतून काढलेल्या रॅमचा डबा, एवढंच भांडवल. काम काय तर फॉरमॅट मारणं, व्हायरस काढणं, उडालेला एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, बदलणं. ही कामं सोपी, कारण बंद पडलेली वस्तू बंदच असते, ती फसवत नाही. मग गेमिंगवाली पोरं यायला लागली आणि सगळ्यांची तक्रार एकच, "दादा, खेळता खेळता हँग होतो." ब्राउझर चालतो, पिक्चर चालतो, गेम लावला की कधी वीस मिनिटांनी कधी दोन तासांनी स्क्रीन जागच्या जागी थांबते आणि आवाज टर्रर्रर्र करत तिथेच अडकतो.

खरं सांगायचं तर पहिली दोनेक वर्षं आमची पद्धत म्हणजे पार्ट बदलत सुटायचं. रॅम बदल, नाही गेलं, एसएसडी बदल, तरी नाही, मग विंडोज नव्याने टाक. कधीकधी लागायचं आणि लागलं की आम्ही स्वतःला लई हुशार समजायचो. आता कळतं की त्यातल्या काही वेळा रॅम काढताना-बसवताना काँटॅक्ट साफ झाले असणार आणि प्रॉब्लेम त्याने गेला असणार, बिल मात्र नव्या रॅमचं. लिहायला लाज वाटते, पण वाटचाल लिहायला बसलोय तर हेही आलंच.

मग ते मशीन आलं. काळं कॅबिनेट, काचेची साइड, आत तीन फॅनचं लांबलचक ग्राफिक कार्ड, मालक कॉलेजातला मुलगा, कमी बोलणारा. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडली तर लाल खूण, कर्नल-पॉवर ४१. 'पॉवर' शब्द दिसला आणि आम्ही एसएमपीएसवर उडी मारली. त्या ४१ चा अर्थ फक्त एवढाच की मागच्या वेळी विंडोज नीट शटडाउन न होता बंद पडलं. आता हँग झाल्यावर मुलगा स्वतःच पॉवरचं बटण दाबून धरत होता, मग ४१ येणार नाही तर काय होणार! आणि गंमत म्हणजे त्या लाल नोंदीच्या आधी पिवळ्या वॉर्निंग्जची रांगच्या रांग लागलेली, व्हिया-लॉगर १७ (विंडोज हार्डवेअरच्या चुका टिपतं ती नोंद), करेक्टेड हार्डवेअर एरर, पीसीआय एक्सप्रेस रूट पोर्ट, म्हणजे ग्राफिक कार्डासारखी कार्डं जिथे बसतात त्या स्लॉटांची वाट. मावसभाऊ म्हणाला, करेक्टेड आहे ना, म्हणजे चूक झाली आणि त्यानेच सुधारली, सोड. मीही सोडलं.

नवा एसएमपीएस घातला, रात्रभर स्ट्रेस टेस्ट लावली, सकाळी मशीन ठणठणीत. दिलं. तिसऱ्या दिवशी फोन. परत आणलं, पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट, म्हणजे रॅमची तपासणी, लावून चार फेऱ्या केल्या, एकही एरर नाही, ग्राफिक कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, सेफ मोडमध्ये जाऊन मुळापासून उडवून नवीन टाकला, दोन दिवस गेम चालवला, काही नाही. दिलं. पुन्हा फोन. तिसऱ्यांदा आला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "दादा, तुमच्याकडे होत नाही, माझ्याकडेच होतो, म्हणजे माझ्या खोलीत भूत आहे का?" मला काही बोलता येईना.

शेवटी मीच त्याच्या घरी गेलो. तो खेळत बसला, मी शेजारी टॉर्च घेऊन. पस्तीसेक मिनिटांनी अडकला. कीबोर्डवरचं नम लॉक दाबलं, त्याचा दिवा हलेना, म्हणजे गेमच नाही तर अख्खं मशीन गेलेलं. काचेतून टॉर्च मारला आणि ग्राफिक कार्डाचं पुढचं टोक दिसलं, चांगलंच खाली झुकलेलं, स्लॉटचं लॉक अर्धवट लागलेलं, मागच्या पट्टीला दोनऐवजी एकच स्क्रू आणि तोही सैल. तेव्हा डोक्यात उजेड पडला. आम्ही प्रत्येक मशीन टेबलावर आडवं झोपवून तपासतो, काच काढून. कॅबिनेट आडवं म्हणजे कार्ड बोर्डावर सरळ उभं, त्याचं वजन स्लॉटात नीट बसतं. घरी कॅबिनेट उभं, तर तेच कार्ड स्लॉटातून आडवं लटकतंय. आजार आमच्या टेबलावर दिसणारच नव्हता, कारण आम्हीच दर वेळी पेशंटला झोपवत होतो.

कार्ड काढलं, कट् आवाज येईपर्यंत दाबून बसवलं, राहिलेला स्क्रू लावून दोन्ही आवळले, टेकू जवळ नव्हता म्हणून त्याच्याच कंपासपेटीतला खोडरबर टोकाखाली उभा केला. तीन तास खेळला. पिवळ्या नोंदी थांबल्या. जुना एसएमपीएस परत बसवून नव्याचे पैसे परत केले, तो नवा एसएमपीएस आज आमच्याकडे टेस्टिंगला वापरतो.

तिथून धंद्याची दिशा बदलली म्हणा ना. एक वही केली. मशीन उघडायच्या आधी त्यात लिहायचं की हँग म्हणजे नक्की काय होतं, कारण दहा जण हँग म्हणतात आणि दहा वेगळ्या गोष्टी सांगत असतात. एकाचा गेम अडकतो पण मागे मित्राचा आवाज चालू राहतो, तिथे विंडोज जिवंत आहे, आधी गेमच्या फाइल्स, ओव्हरले (गेमवर तरंगणाऱ्या दुसऱ्या ॲपच्या खिडक्या), ड्रायव्हर बघा. एकाची स्क्रीन काळी होऊन परत येते, ते बहुतेक ड्रायव्हर रीसेट झालेलं असतं, कार्डाने दोन सेकंदात उत्तर दिलं नाही तर विंडोज स्वतः ड्रायव्हर उचलून आपटतं आणि ४१०१ ची नोंद करतं. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबलं की हाच रीसेट आपल्या हाताने होतो, त्याने चित्र परत आलं तर मशीन मेलेलं नव्हतं. आणि एकाचं मशीन हँग होतच नाही, फट्कन रीस्टार्ट होतं, तिथे एसएमपीएस बघायला हरकत नाही, त्यातही आधी केबल बघा, कारण आठ पिनच्या एका सॉकेटला १५० वॅटचा हिशोब असतो आणि लोक भुकेल्या कार्डाला एकाच केबलची दोन तोंडं लावून मोकळे होतात.

रॅमचं सगळ्यात चिवट. डीडीआर४ रॅमच्या पाकिटावर ३६०० स्पीड लिहिलेला असतो, पण तो आकडा एक्सएमपी (बायोसमधलं रॅम जोरात पळवायचं तयार सेटिंग) चालू केल्यावरचा, म्हणजे सरळसरळ ओव्हरक्लॉक, ठरलेल्या स्पीडपेक्षा जास्त पळवणं. चार पट्ट्या लावल्या की कित्येक बोर्डांना तो झेपत नाही. एक्सएमपी बंद करून आठवडाभर हँग झाला नाही तर रॅम फेकायची गरज नसते, ३२०० वर चालवा, गेममध्ये फरक कळणारही नाही. हे सांगितलं की पोरांचा चेहरा पडतो ते वेगळं.

टेंपरेचरबद्दल सगळे आधी विचारतात. माझं मत, धूळ काढा, प्रोसेसरवर नवी थंडाव्याची पेस्ट लावा, पण गरम झालेला प्रोसेसर आधी स्वतःचा स्पीड कमी करतो आणि फारच तापला तर सरळ बंद पडतो, पासष्ट-सत्तर डिग्रीला अडकणाऱ्या मशीनचं खापर उन्हाळ्यावर फोडू नका.

एक धडा अलीकडचा. गेम सुरू होतानाच व्हिडिओ मेमरी संपली असा मेसेज येऊन क्रॅश व्हायचा, कार्डात मेमरी भरपूर. आम्ही दुसरं कार्ड लावलं, तेच. दोष निघाला प्रोसेसरचा. एका मोठ्या कंपनीच्या १३व्या आणि १४व्या पिढीतल्या वरच्या प्रोसेसरांचं हे प्रकरण २०२४ मध्ये गाजलं, जास्तीच्या व्होल्टेजने चिप हळूहळू कमजोर होत होती. ऑगस्ट २०२४ पासून बायोसच्या (बोर्डाच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरच्या) अपडेटमधून नवा मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचना, आला, तो टाकायलाच हवा, पण आधीच खराब झालेली चिप त्याने बरी होत नाही, ती वॉरंटीतच द्यावी लागते. मेसेज कार्डाचं नाव घेतो आणि चोर प्रोसेसर निघतो, त्यामुळे आता मेसेजचं नाव वहीत लिहितो पण त्यावरून पार्ट मागवत नाही.

आज आम्ही चौघं आहोत. टेबलाशेजारी एक फळी टाकलीय, तिथे मशीन उभं, काच बंद, गिऱ्हाइकाच्याच पॉवर केबलवर आणि त्याच्याच गेममध्ये चालतं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम, मावसभावालासुद्धा. सध्या फळीवर एक पांढरं कॅबिनेट आहे, चौथा दिवस, अजून एकदाही हँग झालेलं नाही आणि मालक म्हणतो घरी रोज होतो. उद्या त्याला हेडफोन, माउस, कीबोर्ड, यूएसबी हब आणि यूपीएस, सगळं जसंच्या तसं घेऊन बोलावलंय.