ठिपक्यांचा माग लागला: स्टेनलेस नळी, पावसाळा आणि पेटीतला फोम

मंडळी, माझ्या रायफलीच्या स्टेनलेस नळीवरचे तपकिरी ठिपके कुठून येतात ते कळलं एकदाचं.

मागच्या नोंदीत नळी पुसून, तेलाचा हात फिरवून रायफल पेटीत ठेवल्याचं लिहिलं होतं. बऱ्याच जणांनी तेव्हाच सांगितलं होतं, परत येणार. आले. रविवारी दुधाळीच्या रेंजवर जायचं म्हणून पेटी उघडली, तर नळीच्या खालच्या अंगाला तेच तपकिरी ठिपके, मोहरीएवढे, एकामागं एक ओळीनं. वरच्या अंगाला एकही नाही. ती ओळ पुढं कामाला आली, पण आधी बाकीचे संशयित.

पहिला संशय पोलादावरच. रेंजवर दोन समज पक्के बसलेत: स्टेनलेसला गंज चढत नाही, आणि चुंबक चिकटला की ते स्टेनलेस नव्हे, विकणाऱ्यानं गंडवलं. दोन्ही खोटे. आपल्या नळ्या बहुतेक ४१६ नंबरच्या स्टेनलेसच्या. हे पोलाद चुंबकाला घट्ट धरतं, तरी स्टेनलेसच आहे. पण त्यात क्रोमियम १२ ते १४ टक्के. स्वयंपाकघरातल्या ३०४ मध्ये ते १८ च्या आसपास, वर ८ टक्क्यांच्या पुढं निकेल. शिवाय ४१६ मध्ये गंधक मुद्दाम घालतात, किमान ०.१५ टक्के, म्हणजे लांब भोक पाडताना आणि रायफलिंग, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचा, कापताना चिप सुटी पडते, हत्यार टिकतं. त्या गंधकाचे मँगनीजबरोबर बारीक कण होतात आणि जिथं असा कण पृष्ठभागावर उघडा पडतो तिथं वरचा क्रोमियम ऑक्साइडचा थर कच्चा राहतो. खड्डा पडायची सुरुवात तिथनंच. थोडक्यात, हे पोलाद नेमबाजाच्या आणि मशीनवाल्याच्या सोयीचं आहे, कोल्हापूरच्या पावसाच्या सोयीचं नाही. पण तेवढंच कारण असतं तर ठिपके नळीभर आले असते. एका ओळीत का?

दुसरा संशय तारेच्या ब्रशचा. आधीच्या मालकानं नळीवर साधा लोखंडी ब्रश फिरवलेला आहे, भिंगाखाली ओरखडे स्पष्ट दिसतात. असा ब्रश, किंवा भांडी घासायची लोखंडी लोकर, स्टेनलेसवर लोखंडाचे कण घासून बसवते. गंजतात ते कण आणि बदनाम होते नळी. हे तपासायला शिरोलीच्या एका फौंड्रीत लॅब सांभाळलेल्या अण्णांकडं गेलो. पोटॅशियम फेरिसायनाइडचा टेस्ट असतो ना, सुटं लोखंड असलं की निळा रंग येतो, तो करून द्या म्हटलं.

"कुठलं स्टील?"

"४१६."

"मग कशाला? चारशेच्या सिरीजमधल्या असल्या कमी क्रोमियमवाल्यांवर हा टेस्ट करायचाच नसतो. अडकलेलं लोखंड असू दे नाहीतर नसू दे, निळं दिसतंय. परत त्यात नायट्रिक. नळीला डाग पडला की माझ्या नावानं बोंबलशील."

अण्णांचं बरोबर आहे. पॅसिव्हेशनचं, म्हणजे आम्लानं सुटं लोखंड काढून वरचा थर पक्का करण्याचं, जे एएसटीएम ए ९६७ मानक आहे, त्यातही ४१६ सारख्या पोलादांवर हा टेस्ट नको असंच सांगितलंय. त्यांनी साधा उपाय दिला: बॅटरीच्या पाण्यात (डिस्टिल्ड वॉटर, ॲसिड नव्हे) भिजवलेला टिश्यू एक तास ठेवायचा, एक तास कोरडं सोडायचं, असं दिवसभर. ओरखडे सगळ्यात जास्त वरच्या अंगाला आहेत, तिथंच केलं. संध्याकाळपर्यंत टिश्यू पांढराच. ब्रश सुटला.

मग ती ओळ. बटर पेपरची पट्टी नळीच्या खालून चिकटवली, प्रत्येक ठिपक्यावर पेनानं खूण केली आणि पट्टी पेटीतल्या फोमवर आडवी टाकली. पेटीतला फोम तो उंचसखल, अंड्यांच्या ट्रेसारखा. खुणा एकेक करून फोमच्या टोकांवर बसल्या. मधल्या खोलगट जागांत एकही खूण नाही. खरं सांगतो, एखाद्या सिरीजच्या दहाही गोळ्या दहाच्या वर्तुळात बसल्यावर होतो तसला आनंद झाला.

कारण आता उघड आहे. स्टेनलेसवरचा थर काही नॅनोमीटरचा असतो. ओरखडा पडला तर हवेतल्या ऑक्सिजननं तो स्वतःच भरून येतो. पण फोमचं टोक जिथं दाबून बसतं तिथं हवा पोचत नाही, ओल मात्र धरून ठेवली जाते. त्यात सामन्यानंतर घामेजल्या हातानं रायफल तशीच पेटीत ठेवायची सगळ्यांची सवय. घामातलं मीठ फोममध्ये साचत जातं. मीठ, ओल आणि कोंडलेली जागा एकत्र आली की ४१६ काय, ३१६ सुद्धा कधी ना कधी हार मानतं.

खात्री करायला आईच्या जुन्या सुऱ्या घेतल्या. स्वस्त सुऱ्यांचं पातं साधारण ४२० चं असतं, आपल्या नळीचं जवळचं भावंड. एक सुरी त्याच फोमच्या तुकड्यावर ठेवली, दुसरी त्याच कपाटात दोऱ्यानं टांगली. टांगलेली अजून लखलखीत आहे. फोमवरचीला टोकांच्या जागी तपकिरी ठिपके आले, नळीला आले तसेच. आईला सुरी परत हवी होती. नवी आणून दिली.

आता सफाई. लिंबूसत्व वापरलं, लक्ष्मीपुरीत सुटं मिळतं. लिटरभर बॅटरीच्या पाण्यात ५० ग्रॅम, कोमट करून. नळी द्रावणात बुडवू नका. ॲक्शन (नळीमागची बोल्टची यंत्रणा) साधारण साध्या पोलादाची आणि ब्लूइंग (गंज रोखणारा काळपट थर) केलेली असते, आम्ल लागलं की ब्लूइंग गेलंच. स्टॉकमधून (दस्त्यातून) नळी-ॲक्शन सोडवली, चेंबर (गोळी बसते ती जागा) आणि तोंड रबरी बुचांनी बंद केलं, ॲक्शनला प्लास्टिक गुंडाळलं आणि फक्त ठिपक्यांवर भिजल्या टिश्यूच्या पट्ट्या ठेवल्या. अर्ध्या तासात तपकिरी रंग सुटून टिश्यूवर पिवळट डाग उतरले. उरलं ते जुन्या टूथब्रशनं निघालं.

यानंतरची पायरी बरेच जण गाळतात. गंधकाच्या कणांच्या जागी बारीक पोकळ्या असतात, त्यात आम्ल दडून बसतं आणि दोन दिवसांनी तिथंच नवा डाग उठतो. म्हणून खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं नीट पुसायचं, मग बॅटरीचं पाणी, मग हेअर ड्रायर. तपकिरी सगळं गेलं. काही जागी टाचणीच्या टोकाएवढे काळे खड्डे राहिलेत, ते राहू देत. घासून काढायच्या नादात नळीचा बाहेरचा आकार बिघडवण्यात अर्थ नाही.

स्टॉकचे स्क्रू परत आवळताना टॉर्क रेंच (ठरावीक जोरानंच आवळणारा पाना) वापरा. अंदाजपंचे आवळलं की ग्रुप (गोळ्यांचा झुबका) कुठंतरी भरकटतो आणि दोष गोळ्यांवर जातो. माझं झिरो (साइटची जुळवणी) दोन क्लिक हललं, बस.

मागच्या वेळी मी नळी उद्यमनगरातून ब्लास्टिंग (वाळूचा मारा) करून आणायचा बेत लिहिला होता. तो रद्द. लायसन्सवरचं शस्त्र कुठल्याही वर्कशॉपमध्ये टाकून येता येत नाही, दुरुस्तीचा परवाना असलेल्याकडंच जावं लागतं. दुसरं, ज्या ब्लास्टिंग यंत्रात दिवसभर बिडाचं कास्टिंग साफ होतं, त्यातली वाळू म्हणजे लोखंडाची धूळच. आणि खरबरीत पृष्ठभाग गुळगुळीत नळीपेक्षा जास्त ओल आणि मीठ धरतो. मॅट फिनिश दिसायला झकास, पण आपल्या हवेत नको.

तेलांबद्दल भांडण नको, माझं मत सांगतो. डब्ल्यूडी-४० पाणी बाहेर काढायला उत्तम, महिनाभर राखण करायला नाही. बॅलिस्टॉल चांगलं, वास सहन झाला तर. शिलाई मशीनचं तेल पातळ, लवकर ओघळून जातं. तालमीत पट्ट्याला, तलवारीला खोबरेल चोळतात आणि त्या टिकतातही, पण तिथं रोज कुणीतरी हात फिरवतं. आपण रायफल पेटीत घालून विसरतो आणि खोबरेल चिकट होऊन बसतं. चिंच-मिठाचा सल्ला देणाऱ्यांना तर हात जोडतो. मीठच तर शत्रू आहे. फरशीचं ॲसिडही त्याच कारणानं नको, त्यातलं क्लोराइड खड्डे पाडतं, त्याची नुसती वाफही पोलादाला नकोशी.

कपाटात ठेवायचे ते पाणी साठवणारे डबेही मी काढून टाकले. त्यात कॅल्शियम क्लोराइड असतं, ओल शोषून तळाशी खारट पाणी होतं आणि डबा कलंडला की संपलं. सिलिका जेल बरं. नारिंगी दाणे घ्या, रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर परत सुकतात. ओव्हन नसेल तर जुनी कढई चालेल, पण ती परत स्वयंपाकात नको.

हे लिहिता लिहिताच वाटलं, नुसता फोम बदलून भागणार नाही. सपाट फोम आणला तरी तो दाबूनच बसणार. तेव्हा पेटी आता फक्त प्रवासापुरती. घरी लॉकरच्या कपाटात रायफल उभी, नळीला काहीही न टेकता, तोंडाजवळ एकच टेकू. टेकूला फेल्ट लावणार होतो, पण फेल्टही ओल धरतं, म्हणून नायलॉनचा तुकडा. आणि कपाटाच्या तळाशी बारीक हीटर पट्टी. आतली हवा बाहेरच्यापेक्षा चार-पाच अंश गरम राहिली तरी सापेक्ष आर्द्रता बरीच खाली येते. ६० टक्क्यांच्या खाली ठेवायचं ध्येय आहे. हायग्रोमीटर आत टांगलाय, आकडे पुढच्या नोंदीत देतो.

२०२४ च्या स्वप्नील कुसाळेच्या पॅरिस ऑलिंपिक ब्राँझनंतर ५० मीटर रायफलला नवी पोरं येताहेत, "स्टेनलेस घेतली, आता चिंता नाही" म्हणत. त्यांना एवढंच सांगा: सामना संपला की आधी कोरड्या फडक्यानं घाम पुसा, मग तेलाचं फडकं, मगच पेटी. आणि घरी पोचल्यावर पेटी उघडा.

खंडेनवमी येतेय. शस्त्रपूजेला हळद-कुंकू स्टॉकवर लावा, नाहीतर रायफलीखाली कागद घालून त्यावर वाहा. ओला झेंडू रात्रभर नळीवर राहिला तर सकाळी त्याच्या आकाराचा डाग मिळतो.

रायफलीवर चढवायचा सिलिकॉन लावलेला विणलेला सॉक कुणी पूर्ण पावसाळाभर वापरलाय का? मागवायच्या आधी अनुभव हवाय. तोही कापडच, म्हणून मन धजत नाही.