फुटली! दाजीची दोन पिल्लं बाहेर, आणि दोष होता आर्द्रता मोजणाऱ्या एका डबड्या हायग्रोमीटरचा

मंडळी, दाजीची, म्हणजे आमच्या राखी रानकोंबड्याची, दोन अंडी फुटली! मागच्या वेळी रडगाणं गाऊन गेलो होतो, चारही अंडी अठराव्या दिवसापर्यंत मस्त, कँडलिंगला (अंड्यामागे दिवा धरून बघताना) पिल्लं आत पाय झाडताना दिसायची, आणि एकोणिसाव्याला सगळं गप्प. तुमच्यापैकी निम्म्यांनी तापमान बघ म्हणून सांगितलं. उबवणी मशीनचं तापमान ३७.५, तीन थर्मामीटरवर तपासलेलं, तिथे काही गडबड नव्हतीच.

मेलेली अंडी फोडून बघितली तेव्हा ट्यूब पेटली. पिल्लू पूर्ण वाढलेलं, पण चिंब, एअर सेल (अंड्यातली हवेची पोकळी) एवढीशी, चोच आत घुसवायलाच जागा नाही. म्हणजे अंडं पुरेसं सुकलंच नव्हतं. वह्या काढल्या (वजनं लिहायची सवय आमच्या बाईंनी लावली, इथल्या प्राणिसंग्रहालयात पक्षी विभाग त्याच बघतात, मी फक्त शनिवार-रविवारचा स्वयंसेवक). राखी रानकोंबडीचं अंडं साधारण ३४ ग्रॅम, अठरा दिवसांत तेरा टक्के म्हणजे साडेचार ग्रॅमच्या आसपास उतरायला हवं, आमची उतरली होती अडीच! आणि हायग्रोमीटर मात्र छाती ठोकून ४८ टक्के दाखवतोय.

मग मिठाची टेस्ट केली. बाटलीच्या झाकणात ओलसर मीठ, हायग्रोमीटर आणि ते झाकण एका झिपच्या पिशवीत रात्रभर, सकाळी ७५ दाखवायला हवं. महाशय ६२ वर. म्हणजे मी ज्याला ४८ समजत होतो ते साठच्या वर होतं, त्यात इथला इंग्लंडचा एप्रिल, खोलीच ओली. महागडा डिजिटल म्हणून कौतुकाने घेतला होता, कंपनीचं नाव घेत नाही पण असला मापक घेण्यापेक्षा वीस पौंडांचा वजनकाटा घ्या, काटा खोटं बोलत नाही.

दुसऱ्या खेपेला मशीनमध्ये पाण्याचा थेंब घातला नाही. पाच अंडी, तीन फलित, सातव्या दिवशी प्रत्येकी १.७ ग्रॅम उतरलेलं बघून खरंच हात थरथरले. अठराव्याला लॉकडाऊन (अंडी फिरवणं बंद, मशीन उघडायचं नाही), तेव्हा पाणी भरलं, विसाव्याच्या रात्री पहिला पिप, म्हणजे कवचाला पहिली चीर. तिसरं अंडं शेवटपर्यंत नाहीच फुटलं, असो.

पिल्लं खाईनात हे नवीन दुखणं. क्रम्ब्ज (पिल्लांचं चुरा खाद्य) समोर, ढिम्म. दातकोरण्याने टकटक केलं, उकडलेल्या अंड्याचा चुरा दिला, काही नाही. शेवटी नुकतीच कात टाकलेली पांढरी मऊ मीलवर्म अळी चिमट्यात धरून वळवळवली, आणि धाकट्याने टप्पकन उचलली, मग स्वतःच दचकून मागे पडला. तो एक क्षण, बास.

दाजी सध्या ऐटीत आहे, मानेच्या पिसांवर ते मेणासारखे पिवळे ठिपके असे चमकतात की गेल्या आठवड्यात एका मासेमारीवाल्याने (हे लोक गळाला लावायच्या नकली माश्या पिसांच्या बनवतात) पिसं विकता का म्हणून विचारलं. १९६०च्या दशकात भारताने निर्यात बंद केल्यापासून इथले हे गळवाले पाळीव पक्ष्यांच्याच पिसांवर आहेत, आणि माझं मत, फक्त मानेकडे बघून जोड्या लावल्या की बाकी पक्षी बिघडतो. तसंही उन्हाळ्यात ती पिसं गळून काळपट आखूड मान येणार, मग या म्हणावं. आणि गावाकडून विचारणाऱ्यांना परत सांगतो, भारतात हा घरी ठेवणं गुन्हा आहे, कोयनेत जाऊन ऐका फुकट.

पुढची खेप सिल्की जातीच्या पाळीव खुडूक कोंबडीखाली घालायचं ठरवलं होतं, पण मारेकची (कोंबड्यांचा विषाणूचा रोग) भीती आहेच. आणि हे लिहिता लिहिता वाटतंय, दाजीच्या मादीला, रखमालाच का बसू देऊ नये? कोपऱ्यात फरच्या फांद्या टेकवल्यापासून ती तिथे तासन्‌तास असते. अडचण एकच, तिथली माती जुनी, गांडुळं भरपूर, म्हणजे ब्लॅकहेडला (गांडुळांतूनही पसरणारा यकृताचा रोग) आमंत्रण, पिल्लं निघायच्या आत वरचा थर काढून वाळू टाकावी लागेल. सकाळी वाकून बघितलं तर फांद्यांमागे तिसरं अंडं आलंय. नियमाने उचलायला हवं होतं. नाही उचललं, बाईंना अजून सांगितलेलं नाही.