मळभ

सकाळी भाची गॅलरीत चित्र काढत बसली होती. मधेच तिने हाक मारली, "आत्या, आज सावल्याच नाहीत!" मी म्हटलं, "मळभ आलंय ना." हा शब्द तिला नवीन. पुस्तकात 'ढगाळ' असतं, म्हणाली. पण ढग तर एकही दिसत नाही.

पोरीचं बरोबर होतं. बोट दाखवावं असा ढग नव्हताच. कडा नाहीत, आकार नाही, सगळीकडे एकसारखा राखाडी थर. सूर्य होता, पण दुधी काचेआडून दिवा दिसावा तसा. 'ढगाळ' म्हणताना नजर ढगांवर असते. 'मळभ' उजेडाबद्दल बोलतं. म्हणूनच ढग मोजता येतात, पण एक मळभ, दोन मळभं असं कुणी म्हणत नाही. ते नुसतं येतं, दाटतं आणि जातं.

मळ आणि अभ्र, असा हा शब्द घडला. अभ्र म्हणजे ढग. प्राकृतात त्याचं 'अब्भ' झालं, आणि मळाला चिकटून उरला तो एवढासा 'भ'. 'आभाळ'मध्येही हेच अभ्र आहे, 'अभ्रक'मध्येही. फारसीतला 'अब्र' त्याचाच भाऊबंद. मळाची जोड मात्र आपली, आणि मला ती फार आवडते. कपडा मळतो तसं आभाळ मळलं! मळ कायमचा नसतो, धुतला की जातो. मनावरचं मळभ दूर झालं असं आपण म्हणतो, त्यात हा दिलासा आधीपासूनच आहे.

संस्कृतने अशा दिवसाला सरळ वाईट ठरवलं. अमरकोशात आहे, 'मेघच्छन्नेऽह्नि दुर्दिनम्'. ढगांनी झाकलेला दिवस तो दुर्दिन. आज 'दुर्दिन' म्हटल्यावर आभाळ कुणाला आठवतं?

हवामानाची नोंद ठेवणारे आकाशाचे 8 भाग कल्पून किती भाग झाकलेत ते लिहितात. आठही झाकलेले असले की बातमीत 'आकाश पूर्ण ढगाळ' येतं. पण थर पातळ आहे की जाड, जमिनीवर सावली पडतेय की नाही, हे त्या आकड्यात येत नाही. 'मळभ' म्हटलं की न सांगता कळतं.

दुपारी भाचीने पुन्हा हाक मारली. कोऱ्या कागदावर पेन्सिल उभी धरली होती. तिच्या बुडाशी एक पुसट, लांबट रेघ उमटायला लागली होती.